मिटलेला डोंगर

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
आजपासून ईस्टरपर्यंत आम्हा कॅथलिकांचा उपवासाचा काळ, आवडीचं काहीतरी सोडायचं. नवऱ्याने, लेनने, बिअर सोडली. घरातली. मी लोकांना नावं ठेवणं सोडलं. रविवारी सूट असते.
आमच्या निवृत्तांच्या गटातली व्हर्ना चर्चमध्ये कपाळावर राख घ्यायला लिपस्टिक लावून आली होती. हे नाव ठेवणं नव्हे, निरीक्षण.

२ मार्च
इथल्या वाळवंटातल्या पिकाचोच्या डोंगरावर पॉपी, ती केशरी रानफुलं, फुलल्यात म्हणे. आम्हा निवृत्तांची फुलांची सहल दर वर्षी मीच नेते. मागची काही वर्षं फुलांनी निराशा केली. हवामान बिघडलंय. आता व्हर्नाला गटप्रमुख व्हायचंय. बाई उन्हाळा लागला की उत्तरेला थंड मिनेसोटाला पळते, तिला वाळवंट काय कळणार?
यंदा मी नेणार. सहलीनंतर जेवताना हात वर करून पुढचा गटप्रमुख ठरणार. जिंकणं अवघड नाही.

५ मार्च
पहाटे साडेपाचला निघायचं, असं जाहीर केलं. व्हर्ना म्हणाली, "अगं बर्नी, दहाच्या आत काय बघणार तिथं? त्या पॉपी आपल्यासारख्याच. अंगावर ऊन आल्याशिवाय उठत नाहीत." सगळे हसले. मी सांगितलं, देवाची सृष्टी पहाटेच पाहावी, असं आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अलॉयशियसनी शिकवलंय. व्हर्ना सरकारी शाळेतली. निरीक्षण.

८ मार्च
सहलीसाठी रोज तीन मैल चालायचं ठरवलं. आज कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. गुडघा नाही म्हणाला. उद्यापासून नक्की.

११ मार्च, सकाळी ७
डोंगर नुसता हिरवा. फुलं मिटलेली, छत्र्या गुंडाळून ठेवाव्यात तशी. गटातल्या हॅरिएटने विचारलं, "कुठायत गं?" म्हटलं, पुढे.

सकाळी ९
पुढेही छत्र्याच. लेन म्हणाला, "तासभर थांबू या का?" थांबणं म्हणजे आळस. तेवढ्यात चोया निवडुंगाचा गोळा माझ्या पोटरीत घुसला. लेनने खिशातल्या कंगव्याने उपटून काढला. मग त्याच कंगव्याने केस विंचरले. त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी
गुडघ्यामुळे लवकर गाडीपाशी परतले आणि आत बसून पाच मिनिटं डोळे मिटले. गटप्रमुखाने ताजंतवानं असावं लागतं. जाग आली तेव्हा तीन वाजलेले, वारा सुटलेला, त्याने फुलं पुन्हा मिटलेली. व्हर्ना अकराला घडीच्या खुर्च्या घेऊन आली होती. सगळे तिच्याजवळ बसलेले. लेनसुद्धा, हातात बिअर. म्हणाला, "ही घरातली नाही." दुपारी फुलं उमलली तेव्हा डोंगर म्हणे पेटल्यासारखा दिसत होता. मला कुणी उठवलं नाही. लेन म्हणतो, दोनदा उठवलं, मी त्याला हाकललं.
जेवताना हात वर झाले. व्हर्नासाठी सगळे. लेनचाही. म्हणे खांदा ताणत होतो.

१२ मार्च, रविवार
आज सूट. व्हर्नाबद्दल सगळं लिहायचं म्हणून बसले, तर तीच दारात. म्हणाली, "उद्या दहाला पुन्हा डोंगरावर निघतेय. तू उमललेली फुलं पाहिलीच नाहीस. खुर्च्या दोन आहेत."
म्हटलं, मी खूपदा पाहिलीत. पाहिलीच असणार. कॅलेंडरवर तर नक्की.
साडेनऊला न्यायला येते म्हणाली. बरं म्हटलं.
मग लिहायला काही सुचेना. रविवार वाया गेला.