बुद्धी आहे, अवधान नाही

१२ जाने.
अस्मादिकांच्या एकशिष्य गुरुकुलात आज नूतन प्रवेश. (गुरुकुल म्हणजे म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधील आमचा दिवाणखाना: एक टेबल, दोन खुर्च्या, एक आवर्तसारणी, आणि चहाच्या रूपाने सौ.चे अनुदान.) कु. मेघना, कुवेंपुनगर, बारावी. वैद्यकीयची आकांक्षा. रसायनशास्त्रात मती तल्लख, अक्षर भयाण. नियम सांगितले: एका वेळी एकच विद्यार्थी, दुरुस्ती लाल शाईने, तुझ्याच वहीत, लाल शाई खोडायची नाही.

निघताना म्हणाली, "माझा मामा पण तुमच्याकडेच शिकला सर. प्रसन्न शिंदे."
आठवला. सायकलवाला, मितभाषी. काय करतो म्हणून विचारले. हुबळीत असतो, औषध कंपनीचा प्रतिनिधी.
"आजोबा म्हणतात, डॉक्टर व्हायचा तो डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग घेऊन बसतो. अजून म्हणतात, बुद्धी आहे, अवधान नाही. सरांनी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे."

वाक्य माझेच. अकरा वर्षे एका घरात टिकले. प्रथम अभिमान वाटला, हे नमूद करणे भाग आहे.

२८ जाने.
अमाइन प्रकरण. पाण्यात कोणाचा आम्लारिधर्म प्रबळ, हा त्यातला मानपानाचा प्रश्न. मिथिल घराण्यात आधी द्वितीयक, मग प्राथमिक, मग तृतीयक. इथिल घराण्यातही द्वितीयक पहिला; पण तिथे दुसरा मान तृतीयकाचा आणि प्राथमिक त्याच्या मागे. विद्यार्थी एकाचा क्रम दुसऱ्याला लावतात. परीक्षकही नेमके तेच विचारतात.

मे.नेही इथिलला मिथिलचा क्रम लावला. क्षणभरही न अडखळता. मी लाल रेघ ओढली. तिच्या प्रत्येक मतभेदाचा प्रारंभ कन्नड 'अल्ला'ने, म्हणजे 'तसे नव्हे'ने होतो.
"अल्ला सर, मामाच्या वहीत तुम्हीच असं लिहिलंय की."
मानवी स्मृतीच्या अविश्वसनीयतेवर मी सुमारे दहा मिनिटे भाष्य केले. उत्तम झाले.

२९ जाने.
वही आणली. तपकिरी कव्हर, आत प्र.चे टपोरे अक्षर. इथिलचा क्रम निळ्या शाईत, बरोबर. त्यावर लाल रेघ. खाली लाल शाईत मिथिलचा क्रम, आणि 'नीट वाच' अशी दुहेरी अधोरेखित आज्ञा. अक्षर माझे. शंकेला जागा नाही.

समासात पेन्सिलीने कन्नडमध्ये दोन ओळी. या गावात बावीस वर्षे काढूनही कन्नड मी लावून लावून वाचतो. त्या काळी तर वाचण्याचा प्रयत्नही केला नसणार. मे.ने वाचून दाखवले आणि मराठी केले:
"पुस्तकात उलटं आहे. सरांना विचारू का? ... मग खाली लिहिलंय, नको. सर म्हणतात तेच बरोबर."
तिच्या आवाजात ते ऐकताना त्याचाच आवाज आला. मस्तकशूळाचे निमित्त सांगून तिला लवकर पाठवले. वही ठेवून घेतली.

३० जाने.
क्रमवार मांडतो.
प्रवेशपरीक्षेत इथिलचा तो प्रश्न आला. प्र.ने मी शिकवलेले उत्तर लिहिले. जागा एका गुणाने हुकली. निकालानंतर वडील त्याला घेऊन आले, याच खोलीत. मी उत्तरसूची मागवली, कुठे चुकला ते पाहिले आणि मिथिल-इथिलवर सविस्तर प्रवचन केले. प्रवचन बिनचूक होते. त्या सुमारास मला योग्य क्रम ठाऊक होता. वहीत कोणत्या घाईत काय लिहिले, ते ठाऊक नव्हते.
"हे शिकवले होते की नाही?" मी विचारले.
वही त्याच्या मांडीवर होती. त्याने ती उघडली नाही. "हूं सर" म्हणाला.
मग वडिलांकडे वळून मी ते वाक्य उच्चारले.

आपण कोणाला चुकीचे लिहून दिले असेल का, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही.
(आला होता. त्याचा हात वहीवर होता, तेव्हा आला होता. मी घालवला.)

४ फेब्रु.
लाल पेन उचलवत नाही. "सर, आज पेन्सिल?" मे. "प्रायोगिक तत्त्वावर," मी.
साडेचारला फाटकाशी सायकल टेकवल्याचा आवाज येतो. मे. बसने येते. उठून पाहतो, कोणी नसते. आज तीनदा.

६ फेब्रु.
रक्तदाबासाठी आमच्या डॉक्टरांकडे. बाकावर टाय लावलेला, काळी बॅग पायाशी घेतलेला तिशीतला तरुण. रुग्ण संपेपर्यंत थांबणारा. मला पाहून उठला. "बसा सर." प्र. नव्हता. नव्हताच. तरी बसवेना. जागा रिकामी, दोघेही उभे, आणि बाकीचे आमच्याकडे पाहताहेत.
रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा.

८ फेब्रु.
शिंदेरावांना पत्र लिहायचे ठरवले. तीन मसुदे. तिसरा बरा वाटला म्हणून सौ.ला वाचून दाखवला: 'अनवधानजन्य प्रमादाच्या संभाव्यतेचा पुनर्विचार करता...'
"यात चूक कोणी केली?"
"ते ध्वनित आहे."
"मला ऐकू आलं नाही." ती पालेभाजी निवडत होती, मान वर केली नाही. "पत्र नको. घरी जा. आणि तिथे जाऊन संस्कृत बोलू नका."
हा सल्ला अनाठायी आहे असे म्हणणार होतो. तिन्ही मसुदे फाडले.

१४ फेब्रु.
कुवेंपुनगर. शिंदेराव टपाल खात्यातून निवृत्त. ताठ, पांढरी मिशी. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते हे पहिल्या भेटीत सांगितले होते, आजही सांगितले.
"बन्नी सर, या. कॉफी घ्या. मेघनाचं काही बिघडलं का?"
म्हटले, मेघना उत्तम आहे. प्रसन्नचे उत्तर बरोबर होते, मी खोडले. माझी चूक. त्याची नाही.
चार वाक्ये. एवढे कमी मी आयुष्यात बोललो नव्हतो.

शिंदेरावांनी पेला खाली ठेवला. मग, "त्यानं सांगितलं का तुम्हाला असं म्हणायला?"
"अकरा वर्षांत आमचं बोलणं नाही."
"मग सुम्ने कशाला... उगीच कशाला आता? तुम्ही मोठ्या मनाचे. पोराला सांभाळून घेताय."
वही उघडून पुढे केली. पाहिली नाही. "ठेवा तिथं."
दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. नेहमी येतात.

१५ फेब्रु.
मे.चा वर्ग. तिचे लक्ष नाही. "आजोबा कालपासून ते पान उघडून बसलेत सर. आजीशीपण बोलत नाहीत. तुम्ही काय सांगितलंत?"
सांगितले. तिलाही. तिने ऐकून घेतले, 'अल्ला' म्हणाली नाही. मग विचारले, "मामाला माहीत होतं?"
उत्तरसूची त्याने पाहिली होती. वही त्याच्याकडेच होती.
"मग तुमच्याकडेच जा असं का सांगितलं मला? वही पण त्यानंच हुबळीहून पाठवली."
सत्तावीस विद्यार्थी वैद्यकीयला पाठवलेल्या या आचार्याने तिला पुढचे प्रकरण उघडायला सांगितले.

१६ फेब्रु.
सकाळी शिंदेरावांचा निरोप: या. गेलो.
वही टेबलावर मिटलेली. समोर फोन. बसा म्हणाले नाहीत, मीच बसलो.
"तुम्ही चुकलात. बरं. तुम्ही एकदा बोललात सर. मी रोज बोललो. जेवताना बोललो, त्याच्या लग्नात बोललो. मग तो यायचा बंद झाला." फोनकडे पाहिले. "आता मी काय म्हणून फोन करू?"
त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "आधी तुम्ही."

"बाबा?" आवाज जाड झाला आहे. "काय झालं? आई बरी आहे ना?"
म्हटले, सगळे बरे आहेत. मी बोलतोय, सर.
मागे गाड्यांचा आवाज. मग, "हूं सर."
सांगितले. सौ.च्या आज्ञेबरहुकूम, मराठीत. इथिलचे तू बरोबर लिहिले होतेस. मी खोडले. नंतर तुझ्या वडिलांसमोर मी...
"माहीत आहे सर," तो म्हणाला. रागाने नाही. प्रेमाने म्हणावे तर तसेही नाही. मग: "बाबा तिथंच आहेत?"
"शेजारी."
"त्यांनी ऐकलं?"
"हो."
"द्या त्यांना."

दिला. शिंदेरावांनी फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. मी उठून बाहेर आलो, पायरीवर थांबलो. आत पंख्याचा आवाज तेवढा होता. ते बोलत होते की दोघेही नुसते फोन धरून होते, ते दाराबाहेरून कळेना.

बस दोनदा आली आणि गेली. मी तिथेच होतो.