परीक्षा झाली की

अण्णा, ३० सप्टेंबर १९९३ रोजी सकाळी अकरा वाजता, लातूरच्या दवाखान्यात, स्वादुपिंडातले खडे काढण्यासाठी मिळालेल्या कॉटवरून तुम्ही उठलात. पहाटे भूकंप झाला होता. व्हरांड्यात माणसं फरशीवर निजवलेली होती, आणि मातीतून काढलेल्या एका बाईला तुम्ही आपली जागा दिलीत. "माझं दुखणं कुठं पळून चाललंय?" म्हणालात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही उठले असते.

तक्रार पुढची आहे. डॉक्टरांनी परत बोलावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बारावीची बॅच चालू आहे, परीक्षा झाली की येतो. आई म्हणाली, "परीक्षा तुम्हाला द्यायची हाय का पोरांना?" तुम्ही हसलात. लातूरच्या क्लासमध्ये एक बॅच उठायच्या आत दुसरी येऊन बसते, हे गणिताच्या मास्तराला ठाऊक नव्हतं? तुम्ही टेबलावर छाती टेकून शिकवायचात. पोरांना वाटायचं, सर किती तळमळीने वाकून सांगतात. पुढे वाकलं की ती कळ जरा सैल होते, हे मला आता माझ्याच पोटाने शिकवलंय. असलं दुखणं दारूनेच होतं, असं धरून गल्लीने तुम्हाला चोरून पिणारा ठरवलं, तेही तुम्ही खोडलं नाहीत. अशाच एका बॅचच्या मध्यावर तुम्ही गेलात, आणि लोक येऊन सांगू लागले, देवमाणूस होता. देवमाणसाच्या बायकोने पुढे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात नांदेडला माझं ऑपरेशन झालं. तेच दुखणं. "मावशी, दारू?" तरुण डॉक्टरांनी विचारलं. "हाव, चहापत्तीची," म्हटलं. पोटाला बोटभर भोकं पाडून दुर्बीण आत घातली, स्वादुपिंडाची नळी उघडून खडे काढले आणि ती आतड्याला जोडून दिली. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात चालत होते आणि तुमच्यावर चिडत होते. तुमच्या काळी अख्खं पोट चिरायचे, मला माहीत आहे. भीती वाटत होती तर तसं म्हणायचं. पोरांच्या आड काय लपायचं?

कॉन्व्हेंटमध्ये तुम्हीच घातलंत. तक्रार लेखी करायची आणि उत्तरही लेखीच मागायचं, हे सिस्टरांनी शिकवलं. तर सांगा, भीती होती की बॅच? पत्र पोचलं नाही, ही सबब चालणार नाही. मीही डॉक्टरांना वर्षभर सांगत होते, नातीची नीटची परीक्षा झाली की येते. मला नुसती भीती वाटत होती. सोमवारी माझे टाके निघतात. त्याच्या आत लेखी कळवा.