समासातला थोरला

नारपोली, भिवंडी
रविवार सकाळ, १९८८

शमू, सलाम.

तू बाहेर पायरीवर ओकून तिथेच बसलायस आणि मी दाराला कडी लावून आत तुला पत्र लिहितेय, कारण तोंड उघडलं तर शिव्याच येतील. दारू सोडली अशी चर्चमध्ये अख्ख्या मंडळीसमोर साक्ष दिलीस, आणि पंधरा दिवसांत लूमच्या शेडमध्ये झिंगून आडवा! सहाव्यांदा!

दर वेळी तू परत आलास, की बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीशेजारी, समासात, मी घराकडे चालणारा एक माणूस काढते. संडे स्कूलच्या पोरांचे रंग तुझ्यापायी झिजवले. आज सहावा काढायला गेले तर तळाशी बोटभर जागा उरलेली. वैताग नुसता! म्हटलं, तुला कशाला देऊ? तिथे थोरला भाऊ काढला, धाकटा परतला म्हणून फुगून घराबाहेर उभा राहिलेला. रंगवून झाल्यावर बघते तर त्याला माझीच हिरवी साडी नेसवलेली.

तो बिचारा निदान स्वतः बाहेर राहिला होता रे. मी तर तुला बाहेर ठेवलंय.

पत्र फाडते आणि कडी काढते. पायरी मात्र तूच धुवायची.

तुझी ताई,
एस्तेर