दादांच्या सात फुटांचं दार

बेलापूर,
वैशाख वद्य तृतीया, सन १९६३

चि. धर्मराज भावजी यांना सगुणावहिनीचे पोटभर आशीर्वाद.

तुमची प्रकृती ठीक असेल. चंदाचा खोकला गेला का ते कळवा. नसेल गेला, तर आडुळशाचा काढा गूळ घालून द्या, आणि ती तोंड वाकडं करील तिकडे बघू नका. इकडे सगळं बरं आहे. माझा गुडघा दुखतो, पण तो तुमचे दादा होते तेव्हाही दुखायचा, म्हणून आता त्याचे फार लाड करत नाही. वर्षश्राद्धाला तुमची गाडी चुकली, हे मी मानलं आहे. (होळीला चुकली, हेही मानलं आहे.) अक्षर बघून चकित होऊ नका, ते माझंच आहे. प्रौढांच्या वर्गात मी बाराखडीपर्यंत पोचले आणि वर्ग बंद पडला. पुढचं मी किराण्याच्या पुड्या सोडून सोडून वाचलं. त्यामुळे पुष्कळ गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही.

आता मुख्य हकीकत. आपल्या घराचं दार गेलं. खारा वारा आणि वाळवी, दोघांनी मिळून खालची फळी इतकी खाल्ली की गोजराआत्याची मांजर दार न उघडता आत यायची. तेव्हा म्हटलं, पावसाळ्याच्या आत नवं दार करून घ्यावं. पनवेलचा कमळाकर सुतार चांगला, पण तुर्भ्याकडे कारखान्यांच्या शेडी उठताहेत, सुतारांना जेवायला सवड नाही. तो म्हणाला, माप सांगून ठेवा, मी दार करूनच आणतो. मी ताबडतोब निरोप धाडला, सात फूट उंच, तीन फूट रुंद. विचार करायला थांबले नाही, कारण हे माप मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले आहे. नवा पाहुणा आला की तुमचे दादा चहाच्या आधी तेच सांगायचे. “सात फुटांचं दार हाय आपलं. सोताच्या हातान बसवलंय.”

परवा बैलगाडीतून दार आलं. भावजी, काय सांगू. चौकटीला उभं केलं, तर ते चौकटीच्या वर हातभर गेलं आणि कडेला वीतभर. सागवान सुरेख, रंधा असा मारलेला की गाल घासावा. पण ते माझ्या घराचं दार नव्हतं, माझंच घर त्या दारामागे लपलं होतं. गोजराआत्या पदर खोचून बघायला आली. “काय गो सगुने, येवरा मोठा दरवाजा! हत्ती आनतेस का काय घरान?” मी म्हटलं, “नाय गो आत्या, तुजी मांजर खाऊन खाऊन जारी झाली ना, तिच्यासाठी.” त्यावर ती रुसली आणि दोन घरं सोडून सगळ्यांना बोलावून घेऊन आली.

कमळाकर बिचारा पट्टी उलगडून दाखवायला लागला. “वहिनी, सात म्हणालात, सात केलं. मोजून घ्या.” त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. तेवढ्यात गर्दीतून मिठागराचा नामदेव मुकादम म्हणाला, “आरं, ह्यो पंढरीच्या फुटाचा हिशोब हाय, तुज्या पट्टीचा न्हाय.” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तुम्हाला आठवत असेल. मिठागराचे बांध पूर्वी हातांनी मोजायचे. मग वरचा साहेब फुटांत विचारायला लागला, आणि टेप होती एकट्या साहेबाकडे. तेव्हा तुमचे दादा वहाणा घालून बांधावरून चालायचे, टाचेला अंगठा लावत, एकेक पाऊल. तेच फूट. त्यांनाही ठाऊक होतं की साहेबाचं फूट मोठं आहे, पण सगळ्या कामगारांनी एकाच माणसाचं पाऊल धरलं की भांडण होत नाही, म्हणून मिठागरावर पंढरीचं फूट चालायचं. पुढे आळीत कुणाचा गोठा, कुणाची पडवी, सगळं त्याच मापावर झालं. दादा उंचीने बेताचे, पाऊलही बेताचंच. म्हणून आपल्या आळीत सगळ्यांना वाकून चालायची सवय आहे. (आम्हाला लोक गरीब स्वभावाचे समजतात, त्याचं खरं कारण हे.)

त्या रात्री मला राग आला, तो “फूट” या शब्दाचा. माझं दार बिघडवणारा हा आहे तरी कोण, म्हणून सकाळी मास्तरांच्या मालतीबाईंकडे जाऊन इंग्रजी-मराठीचा जाडा कोश उघडायला लावला. इंग्रजांचं पाऊल, हे तर पहिल्याच ओळीत. पण त्यांच्या डोंगराच्या तळालाही फूटच म्हणतात. म्हटलं, यात काय विशेष, आपणही पायथा म्हणतोच. खाटेच्या खालच्या बाजूला फूट, तर आपल्याकडे उशा-पायथा आहेच. पायी लढणाऱ्या शिपायांना तोच शब्द, आपलं पायदळ. आणि सगळ्यात मजा म्हणजे त्यांच्या कवितेच्या ओळीतही फूट मोजतात. मालतीबाई म्हणाल्या, अहो, आपल्या अभंगाला नाही का चरण? मी कोश मिटून ठेवला. सात समुद्रांपलीकडचे लोक, पण तेही सगळं पायानेच मोजत गेले, आणि मग पट्टीवर कुणा एकाचं पाऊल कायमचं धरून बसले. तो एक कोण होता ते कोशात नाही. त्याची बायको त्याला काय म्हणायची तेही नाही. राग गेला. राग गेला की मला रडू येतं, म्हणून मी उठून तांदूळ निवडायला घेतले.

आता अडचण ऐका. कमळाकर म्हणतो, एवढं सागवान कापायला हात होत नाही, त्यापेक्षा वरची भिंत फोडू, चौकट उचलू. म्हणजे पाहुण्यांची डोकी वाचतील. आळीचंही तेच मत. मी हो म्हणाले. त्याने वर एक घण घातला. थोडी माती पडली आणि आतलं लाकूड दिसलं, जुन्या उघाडीचं (मिठागरात खाडीचं पाणी घ्यायची ती झडप हो). ते लाकूड तुम्ही दोघांनी चिखलातून ओढून आणलं होतं. तुम्ही घसरून पडलात आणि दादा हसत बसले, मदतीला आले नाहीत, ते आठवतं ना? मी म्हटलं, कमळाकर, थांब. तो थांबला. दार परवापासून अंगणात आडवं पडलं आहे, त्यावर मी पापड वाळवते आहे, आणि चौकटीला चादर बांधून झोपते आहे.

म्हणून हे पत्र. दादा गेले तेव्हा त्यांच्या वहाणा मीच तुमच्या हातात दिल्या. डोळ्यांसमोर नकोत, म्हटलं होतं. तुम्ही त्या काखेत धरल्यात आणि मागे न बघता गेलात. त्यातली डावी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून द्या. कमळाकर म्हणतो, चौकट समोर आहे, मी पट्टीने मोजतो. पण हे घर ज्या मापाने झालं, त्यानेच मोजलेलं बरं. काम झालं की परत करीन.

चंदाला आशीर्वाद, मुलांना पापे. लिहिताना अधिकउणं झालं असेल तर पुडीवरच्या शाळेला दोष द्यावा.

तुमची वहिनी,
सगुणा

ता. क. पत्र टाकायला कुणी जाणारं मिळालं नाही, तेवढ्यात काल दार बसलं. मी कापच म्हटलं. कमळाकरने पट्टी लावली, करवत चालवली, आणि ते असं बसलं की मांजर बाहेर ओरडत राहिली. भिंत शाबूत आहे. तेव्हा मापासाठी वहाण नको.

दुसरा ता. क. पण वहाण हवी. दारातून आत आलं की उजव्या हाताला ती त्यांच्या वहाणांची जागा. तिथे मी सूप ठेवून पाहिलं, कळशी ठेवून पाहिली. दोन्ही उचलली. वहाणेवर मिठाचा थर असेल, चंदाला म्हणावं पुसू नकोस. उजवी तुमच्याकडेच राहू दे. भाऊ तुमचेही होते.

तिसरा ता. क. कुणाबरोबर पाठवू नका, तुम्ही घेऊन या. कापलेल्या सागवानाचा पाट करून घेतला आहे, तुमच्यासारख्या उंचापुऱ्या माणसाला ऐसपैस होईल. इथे दारापाशी तुम्हाला काय होतं ते मला ठाऊक आहे. मला रोज होतं. मात्र येताना वाका. दार तेवढंच आहे, आणि तुमचं कपाळ दर खेपेला जिथे आपटतं तिथली खूण मी पुसलेली नाही.