घर माझ्या नावावर

६ मार्च २००६
शाळेत शिकवून आले तोच आयकरवाले दोघे दारात. हे अंबत्तूरला कारखान्यात. फ्लॅट कुणाचा? मी तोऱ्यात, "माझा!" पैसे किती भरले? "एक पैसा नाही, ह्यांनी बक्षीस दिला." वर कॉफीही पाजली. साहेब म्हणाले, "गिफ्ट. सरि, मॅडम." सरि म्हणजे ठीक. जाताना नजर टाळली.

त्याच संध्याकाळी
"तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?" इति हे. मग एकेक बाहेर आलं. धंद्याचा कर कित्येक वर्षं थकलाय. नोटिसा यायला लागल्या तेव्हा फ्लॅट माझ्या नावावर केला. बायकोला फुकट दिलेलं घरही वसुलीत घेतात म्हणे. आणि मी मूर्ख, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दारावरची माझ्या नावाची पाटी दाखवत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च
जप्ती. दारावर आदेश चिकटवला आणि खाली गेटपाशी ढोल. खराखुरा ढोल. कायद्यातच आहे म्हणे. ह्यांचं नाव, माझं नाव, फ्लॅट नंबर, सगळं तमिळमध्ये ओरडून. गॅलऱ्या भरल्या. समोरच्या वसंता मामी तेवढ्या वाळत घालायचे कपडे अर्धवट टाकून आत गेल्या. त्या बघत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेला दांडी.

२४ मार्च
नुंगंबाक्कमला, वकिलांकडे. हरकत घेता येते. मी सांगायचं, आईच्या पाटल्या मोडून पैसे मीच दिले. "आधी बोललात त्यावर सही नाही ना? मग विसरा."
पाटल्या हातातच होत्या. हात पदराखाली घेतले.
बसमध्ये हे हळूच, "घर गेलं तर ह्या वयात जायचं कुठे, गं?" राग येतो, आणि तो उतरलेला चेहराही बघवत नाही.

२ एप्रिल
उद्या जबाब. तेच साहेब.
दुपारी तालीम. हे साहेब झाले. "पैसे कुणी दिले?" आधी हसू फुटलं, मग रडू. शेवटी न अडखळता म्हटलं, "मी."
"अस्सं! असंच सांग." कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. मी माझं ताट झाकून ठेवलं.
ढोल वाजला तेव्हा मान खाली गेली, पण ती ह्यांच्यापायी. उद्या खोटं बोलले, तर ती माझ्यापायी जाईल. साहेब विचारतील, आणि मी…