दुपारचं पाणी

जुईनगर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अंकुशदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र बघून तू आधी हसशील. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि नसलास तर मला मध्येच तोडून समजावायला लागतोस. कागदाला तोडता येत नाही. आपल्या गल्लीतली चांगुणाबाई तुमच्या टॉवरमध्ये पोळ्या करते, तिच्या हाती देतेय. तुझ्या मजल्यावर तिचं काम नाही, म्हणून तुझ्या दारापर्यंत यायची तिला परवानगी नाही. ती गेटवर वॉचमनकडे ठेवेल.

आईला वाशीच्या दवाखान्यात भरती केलंय. आठवडाभर ताप, अंगाला कापरं, कंबर धरून बसायची आणि म्हणायची वात आहे. वात नाही, दोन्ही किडन्या बिघडल्यात. डॉक्टर बाईंनी विचारलं, पाणी किती पिता. आई म्हणाली, दुपारी घरी गेल्यावर भरपूर पिते. सकाळी का नाही म्हटल्यावर चादर सारखी करायला लागली. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईनेच सांगितलं, तीही घरकामच करते. एवढाल्या टॉवरांत कामवाल्या बायांना जायला जागाच नसते. घरातला संडास कुणी वापरू देत नाही. म्हणून पहाटे निघतानाच घसा कोरडा ठेवायचा, चहासुद्धा दोन घोट.

आठवतं ना, आई दुपारी कामावरून आली की चपला न काढता माठाशी जायची आणि तांब्यावर तांब्या रिचवायची. तू ओरडायचास, टँकर आला. तीही हसायची. मोठी मावशी, तुझी आई, गेल्यावर तुला आमच्याकडे आणलं, तेव्हापासून तू इंजिनिअर होईपर्यंत आणि त्यानंतरही ही बाई रोज सकाळभर तहानलेली राहिली. आपल्या दोघांच्या फिया तिने लोकांकडे लाटलेल्या पोळ्यांतून निघाल्या, आणि आपण तिला टँकर म्हणायचो.

आता खरं काय ते. चांगुणाबाई आईला बघायला आली होती. तिने मोबाईलवर तुमच्या सोसायटीची नोटीस दाखवली. तळमजल्यावरचं कामवाल्यांचं स्वच्छतागृह बंद, तिथे पार्सल रूम होणार, म्हणून कुलूप घातलंय. खाली सचिवाची सही. सही मी लगेच ओळखली, माझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर तूच करायचास. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगू का, तेवढं कळव.

तुझी,
संघमित्रा


सानपाडा,
१५ जानेवारी २०२५

चि. संघूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. उद्याच येतो. मावशीला चांगल्या खासगी दवाखान्यात हलवू, खर्चाचं टेन्शन तू अजिबात घेऊ नको. कामं सोड म्हणून मी तिला किती वर्षं सांगतोय, पण ती ऐकते कुठे. तुझ्या उज्वलावहिनीने तर इथे राहायला या म्हणून किती आग्रह केला.

नोटिशीचं तू फार मनाला लावून घेतलंस. मी सचिव आहे, मालक नाही. सभेत ठराव झाला, मी सही केली, विषय संपला. ती जागा घाण राहायची, रोज तक्रारी यायच्या. दुसरीकडे लॉबीत पार्सलांचा ढीग. आणि तुला म्हणून सांगतो, इथे आपली घरं मोजकी. मी काही बोललो की लोक आधी आडनाव ऐकतात, मग मुद्दा. इथवर यायला काय लागलं ते तुला माहीत आहे. प्रत्येक गोष्टीत भांडत बसलो तर राहणं कठीण होईल.

मावशीला इतक्यात काही सांगू नको. तिला म्हणावं, टँकर कधी निघतोय ते अंकुश विचारतोय.

आशीर्वाद आहेतच, तुझी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
अंकुशदादा


जुईनगर,
१९ जानेवारी २०२५

दादास जयभीम.

तू येऊन गेलास. आईने तुला जेवलास का विचारलं आणि तू रडलास. ते खरं होतं, मी बघितलं. मग मला बाहेर बोलावून पाकीट दिलंस. ते चांगुणाबाईकडून परत पाठवतेय. आई याच दवाखान्यात राहणार म्हणतेय.

घाण राहायची म्हणे. साफ करायला माणूस तुम्ही ठेवत नाही आणि घाणेरड्या बाया. तुझ्या घरात माणसं तीन आणि संडास चार. पाहुण्यांचा तर वर्षभर कोरडा, त्यात वहिनीने शोभेची कुंडी ठेवलीय. खाली कुत्र्यांचे पाय धुवायला वेगळा नळ, त्याला पाटी. जासईला मी ज्या कंटेनर यार्डात कारकुनी करते तिथे ट्रेलरच्या ड्रायव्हरांना संडास आहे. तिथे लोखंडी डबे राहतात दादा, तुमच्याकडे माणसं राहतात.

तुमचे पैसे तुम्हाला लखलाभ. गाड्या ठेवा, पोहायचे तलाव बांधा, आम्ही नजर लावायला येत नाही. पण ज्या बाईच्या हातचं खाता तिने मुतायचं कुठे आणि केव्हा, हेही तुम्हीच ठरवणार? तिला ते विचारायची लाज वाटते, म्हणून तुमचं फावतं. लाज तिला का वाटावी, तुम्हाला का नाही, हे मला कुणी सांगत नाही.

आडनावाचं माझ्यापुढे काढू नकोस. आपण महाडजवळचे. आपल्या लोकांना पाण्यावरून काय काय सोसावं लागलं ते आजोबांनी तुला मांडीवर घेऊन सांगितलंय. तेव्हा पाण्याला हात लावू देत नव्हते. आता फिल्टरचं पाणी ग्लासात ओतून देतील, फक्त ते प्यायची सोय ठेवणार नाहीत. यात फरक काय ते तू सांग, तू शिकलेला आहेस.

कुलूप काढ. नाहीतर ते तू घातलंस, हे आईला स्वतः येऊन सांग.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. आज हात वळत नाही.

संघमित्रा


सानपाडा,
२३ मार्च २०२५

चि. संघूस जयभीम.

दवाखान्यात मी येतो तेव्हा तू बाहेर जाऊन उभी राहतेस, म्हणून मीही लिहितोय. कुलूप निघालं.

सभेत मी विषय परत मांडला होता. एक गृहस्थ म्हणाले, आज संडास देऊ, उद्या लिफ्ट मागतील. चांगुणाबाई जिच्याकडे पोळ्या करते ती बाई म्हणाली, या लोकांना सवय असते. तिथे माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं की माझ्या मावशीलाही तीच सवय होती, तिच्या पोळ्यांवर मी इंजिनिअर झालो आणि आता ती किडन्या घालवून पडलीय. मग कुणीतरी म्हणालं, सर, इमोशनल होऊ नका, हात वर करून ठरवू. माझ्या बाजूने वर झालेला हात माझा एकट्याचाच होता. उज्वला खिडकीबाहेर बघत होती.

मंजूर नकाशात ती जागा स्वच्छतागृहाचीच आहे, ती परस्पर बदलता येत नाही. हे मला सही करतानाही माहीत होतं, संघू. मी महापालिकेत माझ्याच सहीविरुद्ध तक्रार केली. तपासणी झाली, दार उघडावं लागलं. सचिवपद गेलं. लिफ्टमध्ये मी शिरलो की लोकांना अचानक मोबाईलमध्ये काहीतरी बघायचं असतं. बघू देत.

काल सकाळी चांगुणाबाईला घरी बोलावून पाणी दिलं. सवयीने आधी नको म्हणाली. खालचं दार उघडं आहे म्हटल्यावर उभ्याउभ्या ग्लास संपवला आणि आणखी मागितलं. हे मावशीला नक्की सांग. पाहुण्यांच्या बाथरूममधली कुंडी उज्वलाने काढलीय. मावशीला घरी सोडलं की इकडेच आण.

रागावलेलीच राहा, पण लिहीत राहा.

तुझा,
अंकुशदादा


जुईनगर,
६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

आईला घरी आणलंय. तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्या सहीचंही सांगून टाकलं, लपवाछपवी मला जमत नाही. तिला माहीत होतं. चांगुणाबाईने नोटीस आधी तिलाच दाखवली होती. तुझी अडचण असेल, एवढंच आई म्हणाली.

ती तिकडे येणार नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, ते सेंटर आपल्या गल्लीपासून जवळ पडतं. किडन्या आता काम करत नाहीत, लघवी जवळजवळ बंदच झालीय. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. सकाळी एक लहान बाटली भरून ठेवते, गोळ्यांचं पाणी धरून दिवसभर तेवढीच. हा असा उन्हाळा, आणि तिने माठाकडे बघू नये म्हणून मी तो मोरीत नेऊन ठेवलाय. माझा राग गेलेला नाही दादा. तुझ्यावरचा थोडा उतरलाय. सवय असते म्हणणाऱ्या त्या बाईवरचा उतरू नये असंच वाटतं.

चांगुणाबाईने आणखी पाणी मागितलं, ते वाचलं तेव्हा आईने मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. मग तुला एक विचारायला सांगितलंय. पाणी गार होतं ना?

लोभ असू दे.

तुझी,
संघमित्रा