लुळा पाय बोंबलतो

बोईसर,
६ मार्च १९६६

प्रिय शकू,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडेल. पडू दे. मी इथे दगडखाणीच्या एका ठेकेदाराचा डॉक्टर आहे. तारापूरकडे रस्ते, इमारती उठताहेत, त्यांना खडी लागते. सुरुंग उडतात, माणसं फुटतात, मी टिंक्चर लावतो. पालघरला स्वतःचा दवाखाना काढीन म्हणालो होतो तुला. ठेकेदाराने क्वार्टर दिलं, मोटरसायकल दिली. मला तेवढं पुरलं.

डिसेंबरात झिपरू नावाच्या वारली गड्याच्या पाठीत दगडाची कपची घुसली, मणक्याच्या जरा डावीकडे. जखम बोटभर. ती भरली, पण डावा पाय लुळाच राहिला. ठेकेदाराला तो नको झाला होता, भरपाईही द्यायची नव्हती. जानेवारीत मुकादम मारुतीने त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. उजव्या पायावर पेटती सिगारेट टेकवली. झिपरू नुसता बघत राहिला. डाव्या, लुळ्या पायावर टेकवली तर किंचाळला. मारुती पोट धरून हसला. म्हणाला, "बगा डाक्टर, लुळा पाय बोंबलतो नि धडका पाय गप! सोंग हाय." मी दाखल्यावर लिहिलं: ढोंग. ठेकेदाराच्या माणसांनी झिपरूची झोपडी त्याच संध्याकाळी मोडली.

गेल्या सोमवारी त्याची बायको ठकी त्याला पाठुंगळी घेऊन आली. उजव्या पायाची टाच हाडापर्यंत जळलेली, त्यात आळ्या वळवळत होत्या. उघड्यावर, थंडीत चुलीशी पाय पसरून बसला होता. मला म्हणाला, "वास आला, मला वाटलं ठकी बोंबील भाजते." मी बाहेर जाऊन ओकलो. जखमेमुळे नव्हे, शकू. आळ्या मी पुष्कळ पाहिल्यात.

मग मी ते केलं जे जानेवारीत दोन मिनिटांत झालं असतं. त्याला डोळे मिटायला लावले आणि डाव्या पायाचा अंगठा खाली वाकवला. म्हणाला, "वर." पुन्हा वाकवला, तर म्हणाला, "आंगठा हाय कुटं तेच कळत नाय." थरथरता कंपकाटा हाडावर टेकवला, डाव्या घोट्याला पत्ता नाही, उजव्याला लगेच कळला. उलट गरम पाण्याची नळी उजव्याला लागेना आणि डाव्याला चटका बसला.

शरीरशास्त्राच्या परीक्षेआधी तू मला हेच तीनदा समजावलं होतंस, गच्चीवर, तुझ्या वहीच्या मागच्या पानावर. दुखणं आणि ऊन-गार पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरताच पलीकडच्या बाजूला जातं आणि तिकडून वर चढतं. पाय कुठे आहे याची जाण आणि कंप मात्र आपल्याच बाजूने थेट मेंदूच्या देठापर्यंत जातात आणि तिथे ओलांडतात. म्हणून मज्जारज्जू एका अंगाने कापला गेला तर त्या अंगाचा पाय लुळा पडतो, हरवतो, पण त्याला दुखतं. आणि धडका पाय चालतो, पण जळला तरी त्याला कळत नाही. झिपरूच्या अंगावर ते सगळं जसंच्या तसं लिहिलेलं होतं. मला त्यात ढोंग दिसलं.

दिसलं असंही नाही. मनात पाल चुकचुकली होती. डाव्या पायाला चटका बसताच मला तुझी वही आठवली होती आणि मी ती मिटली. आणि एक गोष्ट वर लिहायची टाळली. सिगारेट मारुतीने टेकवली नाही. ती माझी होती, मीच टेकवली, दोन्ही वेळा. हात धुतले तरी अजून तोच जळका वास येतो. जेवण समोर आलं की मी उठतो. स्वतःची एवढी किळस येते हे मला ठाऊक नव्हतं.

हे पत्र घेऊन आलेली बाई ठकी आहे, आणि बाकावर बसलाय तो झिपरू. त्याला तुझ्या वॉर्डात घे, तो पाय वाचव, आणि जे सापडेल ते सहीशिक्क्यानिशी लिहून दे. माझा दाखला खोटा होता हेही लिही, माझ्या नावासकट. मजूर कोर्टात तो कागद मीच ठेवणार आहे. निघताना ठकीने विचारलं, "या कागदात पन सोंगच लिवलंय का?" मी तिला इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. तिने सिगारेटचं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कागद पदराच्या गाठीत बांधायला हात पुढे केला. तेवढ्यासाठी ती थांबली आहे, म्हणून इथेच संपवतो.

तुझाच,
कमलाकांत